ट्रॉलीच्या मागं उभी

९ ऑक्टोबर
आज दोनदा भाकरी करपली. लक्ष कुठं असतं माझं?
तात्यांनी नवा ट्रॅक्टर आणला आणि जुने दोन्ही विकले. म्हणजे ड्रायव्हर आता एकच. हे, नाहीतर सोपान भावजी. तात्या मालक, त्यांनी दोघांना समोर उभं करून सांगितलं, "आष्टीला रिव्हर्सची स्पर्धा हाय. जो चांगला मारील त्योच बसंल." बसेल तो हंगामभर इथंच, कडा गावच्या कारखान्याला ऊस वाहणार. दुसऱ्यानं बायको घेऊन टोळीबरोबर ऊस तोडायला, कोयत्यावर जायचं.
मला कोयता नको. लहानपण सगळं फडातल्या पाचटाच्या कोपीत गेलं. आता लेकीला, परीला, आईकडं टाकून जायचं तर मुळीच नको.

११ ऑक्टो.
हे जेवताना भाकरीचा तुकडा ताटात मागं मागं नेतात. स्टिअरिंग उजवीकडं, तर ट्रॉली... म्हटलं, जेवा की गुमान. "तुला काय कळतंय?" म्हणे.
मला नाही तर कुणाला? दोन हंगाम फडात ट्रॉलीच्या मागं मीच उभी असते. ट्रॉलीचा पत्रा एकदा वाजवला की येऊ दे, दोनदा वाजवला की आहे तिथं थांब. मागं मोळ्या उचलणाऱ्या बाया असतात, पाचटावर निजवलेली लेकरं असतात. थांबवलं का म्हणून ह्यांनी एकदाही विचारलं नाही. नुसते थांबतात.

१५ ऑक्टो.
घट बसले. नळावर सोपान भावजींची बायको भेटली. सातवा महिना लागलाय. "आक्का, कोयत्यावर जावं लागलं तर बाळंतपण फडातच म्हणायचं की," बोलली आणि हसली.
हसायचं काय त्यात? तिचा रागच आला. मग माझाच आला. घासलेली भांडी परत घासायला घेतली.

१८ ऑक्टो.
हरलो. माझ्यामुळं.
मैदानात चुन्याच्या फक्कीच्या दोन रेषा. मधून ट्रॉली उलटी न्यायची, शेवटच्या खुणेला टेकवायची. घड्याळ पंचाच्या हातात. चाक रेषेवर गेलं की बाद. सोपान भावजी आधी गेले, बेताबेतानं, पण सरळ. हे निघाले ते दावं तुटलेल्या खोंडासारखे. लोकांच्या शिट्ट्या, आरडाओरडा. मी शेवटाला दोरीच्या अलीकडं, शेजारी पत्र्याचं रिकामं टिपाड. मागचं चाक रेषेकडं सरकलं आणि माझा हात...
दोनदा. टिपाडावर.
एवढ्या गोंगाटात ह्यांना तेवढंच ऐकू गेलं. गच्चकन ब्रेक. "का थांबला रं!" लोक ओरडले. परत हलेपर्यंत वेळ गेला. सोपान भावजी पहिले, हे थोडक्यात दुसरे.
येताना मोटरसायकलवर ह्यांनी एवढंच विचारलं, "चाक जाणार व्हतं का?"
मी हो म्हणाले. खरं तर तिथून रेष नीट दिसतच नव्हती.

१९ ऑक्टो.
गावभर झालं. बाईनं घालवली म्हणे. सासूबाई भांड्यांचा आवाज बरोबर माझ्या कानापाशी करतात. हे ओट्यावर बसतात, उठतात, परत बसतात. शिव्या तरी द्याव्यात ना.
तात्यांचा अजून निरोप नाही.

२१ ऑक्टो.
राहवेना. ह्यांना न सांगता तात्यांच्या दारात गेले. ते सुपारी कातरत होते.
"तात्या, चूक माजी हाय. ह्यांची न्हाई."
"चूक कशाची, पोरी? तुज्या हातावर त्यो थांबला. फडात जो थांबत न्हाई, त्याच्या मागं माणसं मरत्यात."
जिवात जीव आला. उठणार तेवढ्यात म्हणाले, "पण सोपान बी थांबतो का न्हाई, ते मी कुठं बघितलंय?"
ह्याचा अर्थ काय लावायचा? रस्ताभर तेच डोक्यात.

२३ ऑक्टो.
तात्यांनी आम्हाला बोलावलं, तेव्हा अर्थ लागला. उद्या दसरा. ट्रॅक्टरची पूजा झाली की तात्यांच्या खळ्यात दोघांनी परत रिव्हर्स मारायचा. रेषा, घड्याळ, सगळं आष्टीसारखं. आणि ट्रॉलीच्या मागं उभं राहून पत्रा वाजवायचा मी. दोघांच्याही वेळी. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर तात्या म्हणाले, "मागून रेष हिच्यायेवढी कुणाला दिसत न्हाई."
हे म्हणाले, "बघ आता तूच." काय बघू?
संध्याकाळी सोपान भावजी आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे. "वहिनी, ह्याला थांबिवता तसंच मला बी थांबवा. मी डोळं झाकून थांबन." चहा नको म्हणाले. मी हो म्हणून बसले. दुसरं काय म्हणणार होते?

२४ ऑक्टो., दसरा
घाईत लिहितेय. पूजा झाली, हार घालून झाले, खळ्यात फक्की मारताहेत. चिठ्ठी टाकली, पहिला नंबर सोपान भावजींचा. त्यांची बायको भिंतीला टेकून उभी आहे, माझ्याकडंच बघतेय.
हात जरा उशिरा पडला की चाक रेषेवर. जरा आधी पडला की वेळ गेला. कुणाला कळणारसुद्धा नाही.
आई जगदंबे, नऊ दिवस उपास केले, काही मागितलं नाही. आता मागते. सोपान भावजींचं चाक आपसूकच चुकू दे. म्हणजे मला चुकावं लागणार नाही.