बेटावरची चि-चान

११ ऑगस्ट २०१६
पोचलो एकदाचे! सेंदाईहून लोकल, मग बस, मग बोट. बोटीत अद्वयनं समुद्रपक्ष्यांना वेफर्स भरवले, चैत्रालीनं स्वतःलाच जास्त.
शैलेंद्रच्या ऑफिसातले नंदकिशोर गेल्या वर्षी मुलांना घेऊन ग्रीसच्या बेटांवर जाऊन आले. तेव्हापासून पांढऱ्या भिंती आणि निळी दारं माझ्या डोक्यात बसली होती. पण सात वर्षांचा अद्वय आणि पाच वर्षांची चैत्राली यांना घेऊन तेवढ्या लांबच्या विमानप्रवासाची छाती झाली नाही. मग ओबोन या जपानी सणाच्या सुट्टीसाठी हे सापडलं. त्सुनामीनंतर टेकडीवर नव्यानं बांधलेलं पाहुणेघर, पांढरंशुभ्र, खिडक्या निळ्या. आमच्या शहरातल्या, ओजिमाच्या फ्लॅटमधून इमारतींशिवाय काही दिसत नाही. इथे खिडकीभर समुद्र.
मालकीणबाई ओनोदेरा-सान सत्तरीच्या, एकट्याच राहतात. मुलांसाठी कलिंगड गार करून ठेवलं होतं. 'चैत्राली' त्यांच्या जिभेवर बसेना, शेवटी त्यांनी लाडानं तिची 'चि-चान' करून टाकली. बाईसाहेब खूश.

१२ ऑगस्ट
दिवसभर किनाऱ्यावर. शैलेंद्रनं वाळूत एवढा मोठा किल्ला केला की जपानी मुलं बघायला जमली. मी मराठीत बोलायचं आणि आमच्या पोरांनी जपानीत उत्तर द्यायचं, हे इथेही चालूच. 'आई' आणि 'बाबा' एवढंच काय ते मराठी. चैत्रालीचे खांदे भाजलेत. खोबरेल चोळलं तर माशासारखी निसटून पळाली. किती दिवसांनी एवढी हसले.

१३ ऑगस्ट
आजपासून ओबोन. आपल्या पितृपक्षासारखंच, पण गेलेली माणसं या दिवसांत घरी राहायला येतात असं इथे मानतात. त्यांना वाट दिसावी म्हणून ओनोदेरा-साननी संध्याकाळी फाटकाशी छोटासा जाळ केला. चैत्राली त्यांचा हात धरून उभी होती. मी आत अद्वयला वाढत होते.
दोघी बऱ्याच वेळानं आत आल्या. चैत्रालीचे केस ओले होते. पाण्यापर्यंत जाऊन आलो, असं ओनोदेरा-सान म्हणाल्या. न विचारता नेलं याचा राग आला, पण त्यांचे डोळे रडून लाल झालेले दिसले, म्हणून आधी तिचे केस पुसायला घेतले.

१४ ऑगस्ट
दूध हवं का विचारलं तर चैत्राली म्हणाली, "न्दा." इथली म्हातारी माणसं 'हो'ला असं म्हणतात. शैलेंद्रला गंमत वाटली. अद्वय हसला नाही.
दुपारी तिनं अख्खा भाजलेला मासा खाल्ला, चॉपस्टिकनं काटे अलगद बाजूला काढत. घरी माशाच्या वासानंही नाक मुरडते.
मग मी तिला नेहमीसारखं मराठीत सँडल घालायला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा सांगितलं. ती ओनोदेरा-सानकडे वळली आणि विचारलं, ओबा-सान काय म्हणताहेत?
ओबा-सान. म्हणजे काकू. मला.
शैलेंद्र म्हणतो, खेळ असेल एखादा.

१५ ऑगस्ट
ताप नाही. पण अंग गार लागतं. केस कितीही पुसा, वाळत नाहीत.
अद्वय तिच्या शेजारी बसत नाही. मी दटावलं, तर म्हणाला, चैत्राली कधी येणार? मी त्याला ओरडले. मग स्वतःच घाबरले.
गावातल्या दुकानात गेलो. दुकानवाल्या बाईंनी तिला बघितलं आणि हातातली टोपली खाली ठेवली. मला बाजूला घेऊन सांगितलं. ओनोदेरा-सानची नात पाच वर्षांची असताना त्सुनामीच्या लाटेत गेली. सापडलीच नाही. नाव चिनात्सु. सगळे तिला चि-चान म्हणायचे. ही तिच्यासारखी दिसत नाही हो, बाई म्हणाल्या, पण बोलते तशीच.
शैलेंद्र आता हसत नाही. म्हातारीनं पोरीच्या डोक्यात काहीतरी भरवलंय, म्हणाला. उद्या पहिल्या बोटीनं निघायचं.

१६ ऑगस्ट
ती येईना. दाराची चौकट धरून बसली. ओनोदेरा-सान जमिनीला डोकं टेकून हात जोडत होत्या.
"हिला नेऊ नका. आज संध्याकाळी निरोपाचा जाळ केला की ही आपणहून जाईल. मग तुमची येईल."
मी ऐकून घेतलं नाही. माझी मुलगी आहे, एवढंच म्हणाले आणि तिची बोटं एकेक करून सोडवली.
धक्क्यावर ती ओरडत होती. वाचवा, ही माझी आई नाही. इथल्याच बोलीत. माणसं थांबली. आम्ही दोघं परदेशी, हातात किंचाळणारी पोर. बोटवाल्यानं शैलेंद्रला अडवलं. पासपोर्ट दाखवले. फोटो तिचा. चेहरा तिचाच. सोडलं.

बोटीत
निघालो. लिहितेय, नाहीतर रडू येईल.
ती माझ्या मांडीवर. माझा ड्रेस भिजलाय.
अद्वय बाबाला चिकटून, बेटाकडे तोंड करून—

ओनोदेरा-सान धक्क्यावर धावत आल्यात. एकट्या नाहीत. एक लहान मुलगी त्यांचा हात सोडवून टोकापर्यंत—

अद्वय उभा राहिला. चैत्रालीला हाका मारतोय. मांडीवरच्या नाही. तिकडच्या—

इंजिनाच्या आवाजातही ऐकू येतंय. आई म्हणतेय. स्वच्छ. आई, आई—

शैलेंद्र बोटवाल्याकडे धावला. वळवा म्हणतोय. तो म्हणतो, धक्क्यावर फक्त म्हातारी आहे—

मला उठायचंय. हिनं गळ्याभोवती हात टाकलेत. गार. सुटत नाहीत—
कानाशी विचारतेय, ओबा-सान, मला कुठे