पाठमोरी माणसं

रविवार, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही ठीक. आईचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण तिच्यापेक्षा कमी. दातांच्या दवाखान्यातली माझी नोकरी चालू आहे. डॉक्टरांनी मला नवी खुर्ची घेतली, तीही डुगडुगतेच.

परवा संध्याकाळी तुमचं फोटोंचं प्रदर्शन छान सुरू झालं. म्हणजे भावोजींचं. तू दमलेली दिसत होतीस.

कॅमेरा घेतला तेव्हा वर्षभर मी फुलं आणि सूर्यास्तच काढत होते, आठवतं? एकही धड नाही. मग एकदा आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फोटो नको म्हणून पाठ फिरवली, आणि मी तसाच काढला. त्यांच्या चेहऱ्यावर कधी न दिसलेला थकवा खांद्यांत उतरला होता. तेव्हापासून मला वेडच लागलं. बसस्टॉपवरची माणसं, खिडकीशी आई. पाठीला उसनं हसू आणता येत नाही. कॅमेरा हातात आला की मी जेवणसुद्धा विसरायचे. भावोजी म्हणाले होते, "अगं, माणसांना तोंडं असतात. ती काढ की कधीतरी."

आणि आता त्यांच्या प्रदर्शनात पाठीच पाठी.

आधी मी स्वतःलाच दटावलं. पाठमोरी माणसं काय माझ्या एकटीच्या मालकीची आहेत? त्यांनाही सुचलं असेल. तरी शंकेची पाल चुकचुकत राहिली. मग शेवटच्या भिंतीवर बाबा दिसले. बाल्कनीत उभे, कॉलर एका बाजूला दुमडलेली.

मी भावोजींना विचारलं, "हा कधी काढलात?"

"बाबा हॉस्पिटलमधून घरी आले ना, तेव्हा."

तेव्हा भावोजी दौऱ्यावर होते, ताई. त्यानंतर बाबा आठवडाभरच होते. भावोजी आले ते थेट अंत्यविधीला.

माझे फोटो असलेला पेनड्राइव्ह मी एकाच माणसाकडे जपून ठेवायला दिला होता. त्यांनी तुझ्या कपाटातून तो न विचारता घेतला असेल, असं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. पण त्या संध्याकाळी तू पाहुण्यांना प्रत्येक फोटोपाशी नेलंस, आणि बाबांपाशी एकदाही थांबली नाहीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस.

काल मी प्रदर्शनाचा हॉल चालवणाऱ्या बाईंना माझ्या कॅमेऱ्याच्या कार्डवरचे मूळ फोटो नेऊन दाखवले. त्यांनी एकेक जुळवून पाहिला आणि प्रदर्शन बंद करायचं ठरवलं. भावोजींना एव्हाना कळलं असेल.

बाबांचा फोटो बाईंनी मला दिला. आई मघापासून त्याच्यासमोर बसून आहे. "कोणी काढला गं?" तिने विचारलं. "मी," म्हटलं. हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं, आणि बरं वाटलं.

पेनड्राइव्ह तू दिलास का, एवढंच लिही. त्यांनी मागितला आणि तुला नाही म्हणता आलं नाही, असं असेल तर तसं लिही. माझा विश्वास बसेल की नाही, ते आत्ता सांगता येत नाही.

एरवी इथे 'तुझीच' लिहिते. आज नुसतं,

धाकटी