तुमच्या लाडक्याचा आकडा

आबा, परवा तुमच्या लाडक्याच्या हातची एक गाडी माझ्याकडे आली. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तो पन्नाशीला आला, मीही आलो, तरी मनातल्या मनात मी त्याला अजून 'आबांचा लाडका'च म्हणतो. त्याचं गॅरेज आडगाव नाक्याला आहे. आपलं तिथंच, सातपूरला, त्र्यंबक रोडला लागून. गाड्यांचे स्पीडोमीटर दुरुस्त करायच्या तुमच्या टपरीचं मी गॅरेज केलं एवढंच. गाडी गंगापूर रोडच्या एका द्राक्षवाल्याची, चांगला दणकट पिकअप ट्रक. बागेतल्या चिखलात रुतू नये म्हणून त्याने मूळचे टायर काढून मोठे चढवले होते. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतो, हे मीटरला कुठून कळणार? ते बापडं नुसते फेरे मोजतं. काटा साठावर आणि गाडी मात्र त्याहून जोरात. तुमच्या वेळी आपण मीटरच्या केबलची छोटी चक्री बदलून हे जुळवायचो. आता ट्यूनर नावाचा हातात मावणारा डबा मिळतो. तो स्टिअरिंगखाली जोडायचा, टायरच्या एका फेऱ्यात किती मिलिमीटर रस्ता जातो तो आकडा भरायचा, झालं काम. ते लाडक्याने करून दिलं होतं. माझ्याकडे गाडी आली ती ब्रेकसाठी.

"ब्रेक बघाच, आणि जमलं तर मीटरवर पण एक नजर टाका," द्राक्षवाला म्हणाला. "त्यांनी केलंय, पण दोन माणसांनी बघितलेलं बरं."

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याची चूक सापडणार म्हणून. ब्रेकची ट्रायल घेतो असं सांगून मी गाडी त्र्यंबक रोडला काढली आणि तुमचीच रीत धरली. काटा साठावर ठेवायचा, किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर साठ सेकंद लागले पाहिजेत. पहिल्या खेपेला साठ. दुसऱ्या खेपेला साठ. तिसऱ्या खेपेला एकसष्ट, आणि त्या एका सेकंदावर मी किती खूश झालो म्हणून सांगू! मग आठवलं की दगडाशी एक म्हातारा आडवा आला होता आणि माझाच पाय उचलला गेला होता.

परत येताना शेजारची सीट रिकामी होती. तिच्याकडे बघितलं की मी आजही वीस वर्षांचा होतो. तुम्ही ट्रायलला निघताय, मी पाने पुसत मुद्दाम दारात उभा आहे. तुम्ही माझ्या खांद्यावरून मागे बघता आणि त्याला म्हणता, "चाल, बस गाडीमा." मला म्हणता, "तू दुकान सांभाळ." तो कळवणकडून तुमच्या हाताखाली शिकायला आलेला, आपल्याच गावाकडचा. त्याच्याशी तुम्ही गावचं बोलायचात, हसायचात सुद्धा. आमच्याशी घरात शुद्ध शहरी बोलणं, पोरांनी शिकावं म्हणून. तुमच्या तोंडची ती भाषा मी स्वयंपाकघरात बसून ऐकली आहे, तुम्ही त्याच्या ताटात स्वतःची अर्धी भाकर मोडून ठेवताना. "मोजी ले, मंग बोल," हे तुम्ही त्याला दिवसातून दहादा म्हणायचात. मला एकदाही नाही. आणि ज्या दिवशी मी एका ट्रकवाल्याला न मोजताच कोणती चक्री बसेल ते सांगून टाकलं, त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर तुम्ही म्हणालात, "याचं सोडा. त्याला विचारा, त्याने मोजलंय." त्याने वेगळं गॅरेज काढलं तेव्हा तुमचं स्टॉपवॉच तुम्ही त्याला दिलंत. मी मोबाइलवर सेकंद मोजतो, आबा.

गाडी गॅरेजात लावली. द्राक्षवाल्याने विचारलं, "मीटर ओके ना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोनेकचा फरक पडतोय. राहू द्या आजचा दिवस, मी करून देतो."

तो चकित झाला. "अहो, त्यांनी तर केवढा व्याप केला होता! गाडीत गोण्या टाकल्या, टायरला खडूची रेघ मारली, बरोबर एक फेरा गाडी ढकलली आणि फरशीवर टेप लावून मोजलं. ते पण दोनदा. मी म्हटलं, टायरवर साइज छापलीये की. तर म्हणाले, छापलेला टायर रिकामा असतो, वजनाने तो बसतो. आमच्या आबांनी असंच शिकवलंय."

आमच्या आबांनी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. द्राक्षवाला गेल्यावर मी माझा ट्यूनर जोडला. लाडक्याने भरलेला आकडा समोर आला, २४५०. मी नेहमीप्रमाणे यादीतली टायरची साइज निवडली, २५२५ झाले. माझ्याकडे खडू नाही. तुमच्या माघारी मी एकही टायर फरशीवर मोजलेला नाही. पुन्हा दगडावर गेलो तर बासष्ट सेकंद. जो फरक नव्हताच तो मी गिऱ्हाइकाला सांगितला, आणि मग माझ्याच हाताने तो करून ठेवला. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. या आकड्यासह गाडी दिली असती तरी कुणाला कळलं नसतं. पण तुमचे ते शब्द चार गिऱ्हाइकांसमोर पुन्हा ऐकू यायला लागले. मी त्याचा २४५० परत भरला. अंकनअंक त्याचा.

काल सकाळी द्राक्षवाला आला. एक चक्कर मारून, मोबाइलवर वेग ताडून बघून खुशीत परत आला. "एकदम बरोबर! शेवटी वडिलांचा, मोठ्या मिस्त्रींचा हात तुमच्यातच उतरला."

हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी तीस वर्षं कान लावून बसलो होतो. तुम्ही म्हणाला नाहीत. आणि काल ते मिळालं तेव्हा मी मान खाली घालून हसलो, "चालायचंच" म्हणालो आणि किल्ली त्याच्या हातात दिली. लाडक्याचं नाव मी काढलं नाही. आता तो द्राक्षवाला चारचौघांत सांगत फिरेल, आडगाव नाक्यावाल्याने चुकवलं होतं, सातपूरवाल्याने सुधारलं.

म्हणून हे लिहायला बसलो. खरं तर हे तुम्हाला लिहायचं नव्हतंच, आबा, त्याला लिहायचं होतं. त्याचा पत्ता मला पाठ आहे, फोन केला तर पहिल्या घंटीला उचलतो. तुमच्यापर्यंत पत्र पोचत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.