खुब्याचा गोळा खचण्याआधी

दिनांक : ५ एप्रिल २०२५

प्रति,
मा. केंद्र अधिकारी,
अग्निशमन केंद्र,
सागरतीर औद्योगिक सहकारी वसाहत,
वसई (पूर्व), जि. पालघर.

विषय : फायरमन मेलरॉय तुस्कानो यांस १४ एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनी होणाऱ्या शिडीच्या प्रात्यक्षिकातून वगळून नियंत्रण कक्षात काम देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या वैद्यकीय समितीचे दि. २१ मार्चचे नकाराचे पत्र.

महोदय,

मी निर्मळ येथे राहणारी, मेलरॉयची आई. वय सत्त्याहत्तर. हा अर्ज त्याला न विचारता करीत आहे. विचारले असते तर त्याने करू दिला नसता.

१. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मेलरॉयला ऑक्सिजनवर ठेवावे लागले. तेव्हा दिलेल्या स्टेरॉइडने त्याचा जीव वाचला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु पुढे उजव्या खुब्याच्या गोळ्याला रक्त कमी पडून तिथले हाड मरू लागले. मुंबईच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून मेलेला भाग मोजला. तो नेमका शरीराचा भार पडतो त्या जागी आहे. त्यांनी लिहून दिले आहे की, गोळा आज गोल आहे, पण शिडी आणि ओझे चालू राहिले तर तो वर्षभरात खचण्याची शक्यता फार मोठी आहे. आताच भार कमी केला तर उपचाराला वेळ मिळेल, कदाचित गोळा टिकेलही. मात्र खचायचा दिवस कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही.

२. डॉक्टरांचे हे पत्र केंद्रात पोचल्यावर आपल्या समितीने त्याला बोलावून साधा एक्स-रे काढला. त्यात काही दिसले नाही. या अवस्थेत बहुधा दिसत नाही, असे डॉक्टरांच्या पत्रातच आहे. मग त्याला चालून दाखवायला सांगितले. साहेबांनी बोलावले म्हटल्यावर आमच्या घरातला माणूस कसा जातो, हे समितीला ठाऊक नसावे. मेलरॉयने आदल्या दिवशी केस कापले, गणवेशाला इस्त्री केली, बुटांना पॉलिश केले आणि समितीपुढे परेडला चालावे तसा चालला. सून प्रिस्का दारातून बघत होती. घरी येऊन म्हणाली, "मम्मी, लग्नात चर्चमध्ये आल्तारासमोरसुद्धा एवढा ताठ नव्हता चालला हा!" समितीने शेरा मारला, "चाल सामान्य." बाहेर रिक्षात बसताना त्याने दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय आत घेतला. तिथे शेरा मारायला कोणी नव्हते.

३. समितीच्या पत्रात लिहिले आहे : "संभाव्य आजारासाठी हलके काम देण्याची तरतूद नाही. गोळा खचल्यास कर्मचाऱ्याने नव्याने अर्ज करावा." साहेब, मी चष्मा पुसून हे वाक्य पुन्हा वाचले. गोळा खचल्यावर तो अर्ज घेऊन चालत कसा येणार, हे पत्रात नाही. आणि वसईतल्या एव्हरशाईन वसाहतीच्या एखाद्या उंच इमारतीला शिडी लावलेली असताना, त्याच्या खांद्यावर कोणाचे लेकरू असताना खचला, तर अर्ज कोणी करायचा? त्या लेकराने?

४. मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा आमच्या केळीच्या वाडीत विहिरीवर रहाट होता आणि तो ओढायला रेडा होता. एका सकाळी तो वळणावर मागचा पाय जरा घासत टाकू लागला. सासऱ्यांनी त्याच क्षणी जू उतरवले. मी नवी नवरी, विचारले, "पण हा तर चालतोय की!" ते म्हणाले, "चालतोय तोवरच सोडायचा असतो, पोरी." त्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याने, फ्रान्सिसने, बावखलाचे, म्हणजे गावच्या तळ्याचे, पाणी कावडीने आणून केळी जगवल्या. रेडा पुढे कित्येक वर्षे जगला. माझ्या मुलाला त्या जनावराएवढी तरी सवलत मिळावी, एवढेच मागत आहे.

५. तो केंद्रात कुरकुर करीत नाही, हे मला माहीत आहे. घरी तो पलंगावर बसून पँट घालतो. मिस्साला गुडघे टेकावे लागू नयेत म्हणून मागे दाराशी उभा राहतो. फादरांना वाटते, याची श्रद्धा कमी झाली. हलक्या कामाची गोष्ट निघाली तेव्हा त्याचा सोबती एरॉल हसत म्हणाला, "तुस्कानो, आता मम्मीच्या मांडीवर बसून फोन उचल!" थट्टाच होती. पण तेव्हापासून मेलरॉयने तो विषय बंद केला आणि यंदाच्या प्रात्यक्षिकाला स्वतःहून नाव दिले.

६. तरी त्याचे नाव काढावे आणि एमआरआय पाहणाऱ्या डॉक्टरांकडून फेरतपासणी करावी. हे नियमात बसत नसेल, तर माझी दुसरी विनंती आहे. प्रात्यक्षिकात वरच्या मजल्यावरून खांद्यावर घेऊन उतरवायला दरवर्षी एक माणूस लागतो. यंदा ती जागा मला द्यावी. माझे वजन कमी आहे आणि मी उंचीला भीत नाही. मेलरॉय समितीपुढे पाय दुखतो म्हणाला नाही, आपल्यापुढेही म्हणणार नाही. पण मला खांद्यावर घेऊन तो शिडीवर पाय ठेवणार नाही. सगळ्यांसमोर त्याला "मला जमणार नाही" म्हणावेच लागेल, आणि ते समितीला ऐकावे लागेल.

आणि ठेवलाच त्याने पाय, तर त्या वेळी शिडीखाली आपण स्वतः उभे राहावे.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
श्रीमती फ्लॉसी फ्रान्सिस तुस्कानो
निर्मळ, ता. वसई

सोबत :
१. एमआरआय अहवाल आणि डॉक्टरांचे पत्र.
२. समितीच्या पत्राची प्रत.
३. माझ्या वजनाची चिठ्ठी (४२ किलो).
४. पडल्यास जबाबदारी माझी, असे हमीपत्र. हे फक्त माझ्यापुरते आहे, मेलरॉयसाठी नाही.