आठव्या मजल्यापासून वर

अंधेरी,
१४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय धोंडिरामकाका,
सप्रेम जय भीम.

काकूचं ऑपरेशन नीट झालं, आजपासून तिला उठवून बसवणार, हे आईकडून कळलं. बरं वाटलं. प्रांजलची परीक्षा संपली. मला ऑफिसात नवीन खुर्ची मिळाली, तेवढीच काय ती बढती.

परवा दवाखान्यात तुम्ही पुन्हा म्हणालात, "मीच पुढं चाललो गं. हात धरला असता तर शकु पडली नसती." मी चहा आणायच्या निमित्तानं पळाले. काका, चूक तुमची नाही. हे तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते.

मुलुंडची तुमची बिल्डिंग आमच्या ऑफिसनं कॉम्प्युटरवर उभी केली, हे मी मिरवत सांगितलं होतं. तिच्यातल्या विजेच्या जोडण्या माझ्याकडे होत्या. कुठला दिवा कुठल्या पॅनेलवर चालणार, हे सॉफ्टवेअरमध्ये एकेक जोडून दाखवावं लागतं. जिन्यातले दिवे जनरेटरच्या पॅनेलवर हवेत, म्हणजे लाईट गेली तरी ते चालू राहतात. सातवा मजला मी बरोबर केला आणि तोच वर बाविसाव्यापर्यंत कॉपी केला. कॉपी करताना दिवे वरच्या मजल्यावर जातात, पण त्यांच्या जोडण्या तुटतात. त्या मी घाईत सगळ्या एकदम निवडून जोडल्या, साध्या पॅनेलवर. एकही इशारा आला नाही. सॉफ्टवेअरला काय, दिवा कुठंतरी जोडलाय ना, मग झालं. त्याच मॉडेलवरून भिंतीत तारा टाकल्या गेल्या.

म्हणून त्या दुपारी जेव्हा लाईट गेली आणि लिफ्टसमोर गर्दी बघून तुम्ही दोघं जिन्यानं निघालात, तेव्हा सातव्यापर्यंत उजेड होता आणि तुमच्या अकराव्यावर स्वतःचा हात दिसत नव्हता. त्या जिन्याला खिडकीच नाही.

मला हे कधी कळलं, ते लिहायचं टाळतेय. जूनमध्ये कळलं. लगेच ऑफिसात माझ्या वरच्या अनिरुद्ध सरांना सांगितलं. ते म्हणाले, "प्लास्टर झालंय यार, आता काय भिंती फोडायच्या? तोंड उघडलंस तर सगळ्यांची वाट लागेल." मी गप्प बसले. तुम्हाला चावी मिळाली, तुमच्या हातचे पेढे खाल्ले, तेव्हाही गप्पच होते. मला माझी लाज वाटते.

काकू पडल्यावर पुन्हा सरांकडे गेले. त्यांनी मॉडेल दुरुस्त करायला लावलं, माझ्याच हातानं. आता स्क्रीनवर बाविसाव्या मजल्यापर्यंत जिन्यातले सगळे दिवे जनरेटरवर आहेत. भिंतीतल्या तारा होत्या तिथंच आहेत. जुनी फाईल मला उघडता येत नाही. कुणाकडे जाऊ, काय दाखवू, काही सुचत नाही. नुसतं रडायला येतं, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही.

काकूला सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. पण तिला घरी नेण्याआधी हे पत्र सोसायटीच्या कमिटीला द्या. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. मी पुतणी आहे म्हणून त्यातलं माझं नाव खोडू नका.

श्रुतिका नंदकुमार ओव्हाळ,
तुमच्या जिन्यातले दिवे जोडणारी