रजेवर गेलेला राक्षस

४ फेब्रुवारी १९८९, वालूर

पेटी आली! शांतम्माने — आमच्या थोरल्या भगिनीने — पालमहून यष्टीच्या कंडक्टरहस्ते पाठवली. सोबत निरोप: "तुझं भूत तूच सांभाळ."

भूत म्हणजे मामांनी हैदराबादेहून आणलेला तिलिस्मी महाल. लाकडी पेटी, एक भिंग, चार कळा. चावी द्यावी, भिंगाला डोळा लावावा. खट! पडदा उघडतो, रंगीत दालन दिसते, निमिषार्धात मिटते. तेवढ्यात राक्षस कोणत्या कोपऱ्यात आहे ते हेरून त्या कोपऱ्याची कळ दाबावी. चुकलात तर घंटा — आपण मृत! अखेरच्या दालनात खजिना. बाल्यावस्थेतील अखंड उन्हाळा खर्चून आम्ही तेथवर पोचलो होतो. खजिना म्हणजे पत्र्याचे गुलाबाचे फूल. त्या दिवशी प्रस्तुत लेखकास वैराग्य प्राप्त झाले. अद्याप टिकून आहे.

५ फेब्रुवारी

पुनरवलोकन. निर्मात्याची प्रतिभा तेव्हा वाटली त्याहूनही क्षुद्र! पहिल्याच दालनात राक्षस नाही. रंग उडाला असावा. "राक्षस अर्जित रजेवर" असा शेरा मारून अंदाजे कळ दाबली. घंटा.

७ फेब्रुवारी

पुनश्च मृत. वारंवार मृत.

९ फेब्रुवारी

गौराबाई — सहधर्मचारिणी — भाकरी थापता थापता म्हणाली, "आवो, संस्कृतचे गुरुजी तुमी, अन् खेळण्यासंगं भांडायलाव व्हय?"

"देवी, शत्रूविना युद्ध अशास्त्रीय आहे."

पिठाचे हात पदराला पुसून तिने भिंगाला डोळा लावला. खट.

"हा काय की! डाव्या हाताला उभा हाय. लय तांबडे डोळे मेल्याचे!"

पुन्हा पाहिले. डावीकडे भिंत. स्वच्छ, पिवळी भिंत. थट्टा करते, झाले! मग ती एकामागून एक दालने ओलांडीत गेली आणि फुलापाशी पोचली. मी हसलो. आवश्यकतेपेक्षा अधिक हसलो.

१४ फेब्रुवारी

शाळेच्या वाटेवर डावीकडून कडब्याची गाडी अकस्मात प्रकट झाली. बैलाचे शिंग कोपराला घासून गेले. लूनासह मी रस्त्याकडेच्या चारीत.

गाडीवान मुंजाजी खाली उडी टाकून आला. "गुरुजी, कवाचा हाका मारायलोय! डाव्या अंगाला एवढी गाडी, अन् तुमी सरळ तिच्यावरच आलाव की!"

"सारथ्या, तू मायावी आहेस. शून्यातून उद्भवतोस!"

मुंजाजी हसला नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्याने पंजा हलवून पाहिला. फाजील मनुष्य!

१७ फेब्रुवारी

शांतम्माकडे पालमला. रजेवरच्या राक्षसाचे आख्यान साभिनय सादर केले. तिने हातातला चहा खाली ठेवला.

"अप्पालाबी दिसत नव्हता."

"कोण?"

"राक्षस. मामानं पेटी आणली तवा. अप्पा म्हणले, रिकामी खोली काय दाखवायलाव पोरांला? आपण लय हसलो. तू लहान हुतास. मग त्येंनी पेटीला हात लावला न्हाई."

अप्पांना — वडिलांना — पुढे मीच हात धरून देवळात नेत असे. पोथी मीच वाचून दाखवीत असे. वार्धक्य — असे आम्ही सर्वजण म्हणत होतो. त्यांचे तेव्हाचे वय आज काढले. माझ्याएवढेच!

परतीच्या यष्टीत विनोद सुचला नाही.

१९ फेब्रुवारी

खिळे काढून पेटी उघडली. चित्र अंगणात, उन्हात धरले, बोटाने चाचपले, मान वळवून पाहिले. राक्षस आहे. डावीकडेच. रंगाचा कणही उडालेला नाही.

२७ फेब्रुवारी, औरंगाबाद

डोळ्यांचा दवाखाना. अंधारी खोली, पांढरा घुमट, हनुवटीला टेकू, हातात एक कळ. डॉक्टर म्हणाले, "नजर मधल्या खुणेवर ठेवा. बाजूला कुठंही उजेडाचा ठिपका दिसला की कळ दाबा."

खुणेवर नजर रोवली. वाट पाहिली. बराच वेळ.

"मी सज्ज आहे. सुरू करा," म्हणालो.

पलीकडे डॉक्टरांची पेन्सिल कागदावर आणखी एकदा खरखरली. मागून गौराबाई — अगदी हळू —

"आवो, दाबा की."