काही नाही काकू, खुर्ची आहे

माधवगंज, लष्कर (ग्वाल्हेर)
ता. ९ मे १९४३

तीर्थस्वरूप मधुसूदनमामांच्या चरणी दुर्गाचा शिरसाष्टांग नमस्कार.

यापुढे ‘इकडे सर्व खुशाल’ असं लिहायची रीत आहे. पण बी. ए. झाल्यापासून केवळ रीत म्हणून काही लिहायचं नाही, असं मी ठरवलं आहे. म्हणून खरं ते लिहिते. इकडे सर्वांची प्रकृती उत्तम आहे, पण खुशाल कुणीच नाही, आणि त्याला कारण मी आहे. आपले गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तरी माझ्या येण्याच्या आड तो येऊ नये, कारण मी येणार आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना आपला गैरसमज व्हायचा नाही.)

एम. ए.साठी आपण मला पुण्याला बोलावलंत आणि माडीवरची आजोबांची खोली देऊ केलीत, ते पत्र नानांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “लीलावहिनी हो म्हणाल्या तर जा.” आमचे नाना दरबारच्या माल खात्यात, म्हणजे महसुलात, आहेत. चाळीस गावांच्या शिवांचे तंटे ते दिवसाकाठी मिटवतात. पण काका गेल्यापासून घराचा शेवटचा हुकूम काकूंचा. आणि काकू म्हणाल्या, “ज्या खोलीत माणूस गेलं, तिथे कुंवार पोर एकटी झोपणार? बिलकुल नाही.” मामा, तुम्हाला काकू ठाऊक आहेत. पडावावरच्या चिंचेपासून मुरारच्या पुलापर्यंतची सगळी भुतं त्यांना नावानिशी आणि जातगोतासह माहीत आहेत. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि माझं पुढचं शिक्षण एका भुतावर अडलं! त्यातही ते माझ्याच आईच्या वडिलांचं.

भय वस्तूत नसतं, मनात असतं, हे मी परीक्षेत चार पानं भरून लिहिलं होतं. तेच काकूंना कसं पटवावं या विचारात असताना वर्तमानपत्रात एका इंग्रजी बोलपटाची हकिकत वाचली. त्यात भूत नाही, राक्षस नाही, खुनी नाही, मुडदासुद्धा नाही, आणि तरी माणसं घाबरून उठून जातात म्हणे. तो मुरारच्या छावणीतल्या थिएटरात लागला होता. मी मनाशी मांडणी केली ती अशी. काकू घाबरतील. मग मी शांतपणे विचारीन, “काकू, यात भूत कुठे होतं?” त्या म्हणतील, “नव्हतं.” मी म्हणेन, “तर मग भीती तुमच्याच मनातली नव्हे का?” त्या विचारात पडतील, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पुण्यात असेन. कागदावर हे फार सुंदर दिसत होतं.

आता काकू नुसत्या घरच्यांबरोबर बोलपटाला यायच्या नाहीत, म्हणून सबंध भगिनी मंडळच न्यायचं ठरवलं. अध्यक्षीण सुलोचनाबाई. (त्यांचे यजमान संभाजीराव पलटणीतून कप्तान म्हणून निवृत्त झाले, पण हुद्दा घरात सुलोचनाबाईंकडेच राहिला.) त्यांनी माझ्याकडून लेखी हमी घेतली आणि ती घरोघर फिरवली: ‘सदर खेळात भूत नाही, खून नाही, चुंबन नाही.’ सगळ्यांनी वाचून सह्या केल्या. एकीने फक्त खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मग आहे काय?’ तिच्या प्रश्नाकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

शनिवारी दुपारी तीनचा खास बायकांचा खेळ. आम्ही साठजणी. पुरुषांना आत मज्जाव, दाराला जाड पडदा, आणि पडद्याबाहेर दौलतसिंह नावाचा म्हातारा दरवान. इंग्रजी कुणालाच येत नसल्यामुळे ठरलं असं, की मी पुढे एका बाजूला उभी राहून प्रत्येक गोष्ट मराठीत मोठ्याने सांगायची. मी आनंदाने कबूल झाले. व्याख्यानाची एवढी चांगली संधी कोण सोडील?

बोलपटात एक बाई एका घरात एकटी राहते. घरात एक खुर्ची आहे. रोज सकाळी ती खुर्ची बाईकडे कणभर जास्त वळलेली दिसते. बस्स! एवढंच. दीड तास. मामा, ज्या बोलपटात काही घडतं तो समजावून सांगणं सोपं असतं. इथे घडतच काही नव्हतं, आणि बायका तर विचारणारच.

“दुर्गा, आता काय झालं?” काकूंनी तिसऱ्या रांगेतून विचारलं.

“काही नाही काकू, खुर्ची आहे.”

“खुर्चीत कोण आहे?”

“कुणी नाही.”

“मग ती बघतेय कुणाकडे?”

वाद्यं वाजता वाजता एकाएकी थांबायची, बायका म्हणायच्या, “अगं सांग ना!” आणि मी म्हणायची, “काही नाही.” प्रथम मी ते खणखणीत आवाजात म्हणत होते. पुढे पुढे आवाज का कोण जाणे खाली गेला. (घसा बसला होता.) शेवटी शेवटी तर कुणी न विचारताच मी अंधारात आपली म्हणत होते, “काही नाही... काही नाही...” मागाहून सुलोचनाबाईंनी मला स्पष्ट सांगितलं, की बोलपट एक वेळ सोसवला असता, मी सोसवले नाही.

शेंगदाणे फोडायचे थांबले. विणकामाच्या सुया थांबल्या. साठ बायका एकत्र बसल्या असून हूं की चूं नाही. बाहेर दौलतसिंहाने बारा वर्षांत बायकांच्या खेळात असली शांतता ऐकली नव्हती. त्यामुळे भ्याला तो बिचारा. त्याने पडद्याला तोंड लावून हळूच विचारलं, “बाईसाहब, अंदर कोई है?”

पुढचं मी सविस्तर लिहीत नाही. एकशेवीस चपलांपैकी त्रेचाळीस आत राहिल्या, एवढंच सांगते. टांग्यात बसल्यावर मी आपली मांडणी पुरी करावी म्हणून काकूंना विचारलं, “काकू, यात भूत कुठे होतं?” माधवगंजात घराच्या पायरीशी उतरल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, “तेच तर!”

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवगंजात घरोघरच्या खुर्च्या ओटीवर येऊन बसल्या होत्या. रस्त्याने जाणारे लोक सभा कुणाची म्हणून चौकशी करत होते. संभाजीराव जमिनीवर मांडी घालून चहा पीत होते, आणि त्यांना मांडी घालता येत नाही. आमच्याकडे आईने नानांची खुर्ची जुन्या लुगड्याच्या पट्टीने खिडकीच्या गजाला बांधली होती. नाना कचेरीतून आले, त्यांनी गाठ पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “हिने काय गुन्हा केला?” त्यांनी गाठ मात्र सोडली नाही. झोपाळ्यावर जाऊन बसले.

मी स्वतः अर्थातच घाबरले नाही. केवळ शास्त्रीय पडताळा म्हणून मी माझ्या टेबलाशी असलेल्या खुर्चीच्या चारी पायांभोवती खडूने खुणा केल्या. सकाळी पाय खुणांच्या आत तंतोतंत होते. मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या बोलपटातही पहिल्या दिवशी खुर्ची जागच्या जागीच असते.

आता मुख्य गोष्ट. काल काकूंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पुण्याचं नाव काढायचं नाही असं बजावणार. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती आणि काही झालं तरी हटायचं नाही असं ठरवूनच गेले. काकू म्हणाल्या, “दुर्गा, भुताचं बरं असतं गं. त्याला उतारा आहे, नारळ आहे, नाव घेऊन दोन शिव्या दिल्या तर ते ऐकतंसुद्धा. पण कुणीच नाही, तर उतारा कुणाला टाकायचा? ती बिचारी मेम एकटीच होती, म्हणून तिचे हाल झाले. तू पुण्याला जा. त्या खोलीत तुझे आजोबा आहेत. भला माणूस. तुझ्या आईच्या लग्नात मी त्यांना अकरा पुरणपोळ्या वाढल्या आहेत. घरचं माणूस सोबतीला असलं म्हणजे मला फिकीर नाही.”

मामा, मला परवानगी मिळाली आहे! मी जी गोष्ट खोटी पाडायला निघाले, तिच्याच जोरावर मिळाली आहे. मी एक दिवस विचार केला, की तत्त्वासाठी ही परवानगी नाकारावी का. मग असं ठरवलं, की आधी एम. ए. व्हावं आणि मग नाकारावी.

मामींना नमस्कार. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली आज्ञाधारक भाची,
दुर्गा

ता. क. माडीवरच्या खोलीत आजोबांची आरामखुर्ची अजून आहे का? असल्यास मी येण्यापूर्वी खाली हलवावी. अभ्यासाला जागा मोकळी हवी, म्हणून.

ता. क. दुसरा. वरचं रद्द समजावं. खुर्ची हलवली तर फरशीवर तिच्या पायांच्या खुणा राहतील, आणि खुणा मला नकोत. खुर्ची असू द्यावी. काकूंनी तिच्यावर ठेवायला तपकिरीची डबी दिली आहे. ती मी ट्रंकेत मानसशास्त्राच्या पुस्तकांखाली ठेवली आहे.

ता. क. तिसरा. ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते राहूनच गेलं. तोंडी गोष्टीवर काकूंचा विश्वास नाही, त्यांना घरच्या कर्त्या माणसाच्या हातचं हवं आहे. तेव्हा आपण उलट टपाली, नानांच्या नावे, स्वच्छ अक्षरात लिहून पाठवावं, की आजोबा त्या खोलीत अद्याप आहेत. मी विवेकवादी आहे आणि हे मागताना मला किती लाज वाटते ते आपण जाणताच. पण पत्र पंचवीस तारखेच्या आत पोचावं.

ता. क. चौथा. आणि ते खरोखर नसतील, तर मामा, मला सांगू नका.